टॉर्च पॉझिटिव्ह, सीएमव्ही, झिका: गरोदरपणातलं इन्फेक्शन आणि बाळाचा मेंदू (अनुभव + माहिती)

चाफेकळी

नमस्कार मंडळी. टॉर्च टेस्टबद्दल (टॉक्सोप्लाझ्मा, रुबेला, सीएमव्ही वगैरे पोटातल्या बाळाला इजा करू शकणाऱ्या इन्फेक्शन्ससाठीची रक्ततपासणी) इथे सुटे सुटे प्रश्न येत असतात, कुणाचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला म्हणून रात्रभर झोप नाही, कुणाला डॉक्टरांनी घाईघाईत काहीतरी सांगितलं आणि घरी आल्यावर काहीच आठवेना, म्हणून सगळं एका जागी यावं यासाठी हा धागा काढतेय. माझी धाकटी लेक साडेतीन वर्षांची आहे. तिला जन्मजात सीएमव्ही आहे, म्हणजे सायटोमेगॅलोव्हायरस, कांजिण्या-नागीण ज्याने होते त्याच्याच कुळातला व्हायरस. मोठ्या माणसाला झाला तर सर्दी-तापापलीकडे काही जाणवत नाही, पुष्कळदा तेवढंही नाही, आणि एकदा शिरला की आयुष्यभर शरीरात दडून बसतो. पण पोटात बाळ असताना वारेतून त्याच्यापर्यंत पोचला तर मेंदू, कान, डोळे, लिव्हर कुठेही घर करतो.

मला गरोदरपणात ताप आल्याचं आठवतच नाही. एकोणिसाव्या आठवड्यातली सोनोग्राफी व्यवस्थित होती. बाळ झालं तेव्हा वजन कमी, डोकं लहान (सिस्टरने टेप दोनदा लावून बघितली, ३० सेंमी), आणि अंगभर बारीक जांभळट ठिपके, बोटाने दाबले तरी न जाणारे. बघायला आलेल्या बायका म्हणाल्या घामोळं आहे, पावडर लावा. आमच्या बालरोगतज्ज्ञांनी मात्र ठिपके बघून लगेच प्लेटलेट बघितल्या, त्या खूप कमी होत्या, आणि त्याच संध्याकाळी लघवीची छोटी चिकटपिशवी लावून नमुना सीएमव्ही पीसीआरला (व्हायरस शोधणारी तपासणी) पाठवला. तिसऱ्या दिवशी रिपोर्ट आला, पॉझिटिव्ह. डोक्याच्या स्कॅनमध्ये मेंदूतल्या पोकळ्या थोड्या मोठ्या आणि त्यांच्या काठाने कॅल्शियमचे पांढरे ठिपके. पुढे कानांची बेरा टेस्ट, डोळ्यांचा पडदा, सगळं ओळीने झालं.

ज्यासाठी मुख्य लिहितेय ते आता. जन्मल्यापासून २१ दिवसांच्या आत बाळाची लघवी किंवा लाळ तपासली तरच हा व्हायरस पोटातूनच आला असं खात्रीने म्हणता येतं. त्यानंतर पॉझिटिव्ह आलं तर तो दुधातून, घरातल्या मोठ्या भावंडाकडून, कुठूनही आलेला असू शकतो. आणि औषधही पहिल्या महिन्यात सुरू केलेलं चांगलं. म्हणून बाळाचं डोकं लहान असेल, असे ठिपके असतील, कावीळ लांबली असेल, किंवा जन्मानंतरच्या कानाच्या तपासणीत बाळ नापास झालं असेल, तर "बघू महिनाभराने" म्हणू नका, तिथल्या तिथे विचारा की सीएमव्हीसाठी लघवी पाठवायची का.

दुसरी गोष्ट घरातली. माझ्या सातव्या महिन्यात ग्रहण होतं आणि मी विळीवर भाजी चिरली होती. लेकीचं निदान झालं तेव्हापासून ते आजतागायत हे वाक्य मला कितीतरी जणींनी ऐकवलंय. व्हायरस बाळापर्यंत पहिल्या तीन-चार महिन्यांतच पोचला असणार असं डॉक्टरांनी एमआरआय दाखवून सांगितलं तरी. इथे वाचणाऱ्या ज्या कुणी आया असं ऐकत असतील त्यांना सांगते, ग्रहणाचा, विळीचा, पपईचा, तुमच्या ऑफिसच्या प्रवासाचा याच्याशी काडीचाही संबंध नाही.

पारिजातक

वाचून पोटात गलबललं गं. लेकीला खूप खूप आशीर्वाद. एक विचारू का, एकोणिसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत दिसलं कसं नाही? आपण तर त्या सोनोग्राफीवर डोळे मिटून विश्वास ठेवतो.

चाफेकळी

थँक्यू गं. मीही हेच विचारलं होतं. तोपर्यंत डोकं प्रमाणात वाढत होतं आणि पोकळ्यांची मापंही नॉर्मलमध्ये होती. डोक्याचा घेर मागे पडणं, कॅल्शियम दिसणं, हे बऱ्याचदा सातव्या-आठव्या महिन्यात दिसायला लागतं, कधीकधी जन्मेपर्यंत नाहीच दिसत. त्यात सोनोग्राफी करणाऱ्यांची चूक नाही.

डॉक्टरकाका_सातारा

धागा काढल्याबद्दल मनापासून धन्यवाद. मी बालरोगतज्ज्ञ, थोडी भर घालतो, लांबेल पण इलाज नाही.

आधी हे होतं कसं ते. गर्भाच्या मेंदूतल्या पेशी जन्माला येतात त्या आतल्या पोकळ्यांच्या कडेला, आणि तिथून बाहेरच्या थरापर्यंत प्रवास करत जातात, मांडवाच्या काठीवरून वेल चढावी तशा आधाराच्या तंतूंवरून. हा प्रवास मुख्यतः तिसऱ्या ते पाचव्या महिन्यात चालतो. सीएमव्हीला नेमक्या याच कडेच्या कोवळ्या पेशी आवडतात. त्या मेल्या की तिथे कॅल्शियम साठतं, म्हणून ठिपके पोकळ्यांच्या काठाने. प्रवास अर्धवट राहिला की मेंदूच्या वळ्या नीट पडत नाहीत, लवकर झालं तर पृष्ठभाग जवळजवळ सपाट, थोडं उशिरा झालं तर बारीक बारीक नको इतक्या वळ्या. सातव्या महिन्यानंतर इन्फेक्शन पोचलं तर वळ्या ठीक असतात, फक्त आतल्या पांढऱ्या भागावर परिणाम दिसतो, किंवा काहीच नाही. म्हणूनच एमआरआय बघून साधारण कधी झालं असेल याचा अंदाज येतो.

एक उलटं गणित सगळ्यांना गोंधळात टाकतं. गरोदरपणाच्या शेवटी शेवटी आईला पहिल्यांदा इन्फेक्शन झालं तर ते बाळापर्यंत पोचायची शक्यता जास्त, पण नुकसान कमी. सुरुवातीला झालं तर पोचायची शक्यता कमी, पण पोचलं तर मेंदूला धोका जास्त. टॉक्सोप्लाझ्मातही असंच.

आता दिलाशाची बाजू. जन्मजात सीएमव्ही झालेल्या दर १० बाळांपैकी साधारण ९ बाळं जन्मताना अगदी ठणठणीत दिसतात आणि त्यातली बहुतेक पुढेही ठणठणीतच राहतात. पण या ठणठणीत दिसणाऱ्यांपैकीही १० ते १५ टक्क्यांना पुढे कमी ऐकू यायला लागतं, आणि ते जन्मानंतर काही महिन्यांनी, कधी वर्षांनी सुरू होतं. जन्मल्यावर कानाची टेस्ट पास झाली म्हणून फाइल बंद करू नका, निदान सहा वर्षांचं होईपर्यंत ठरावीक अंतराने कान तपासत राहायचे.

ज्यांना लक्षणं आहेत त्यांना व्हॅलगॅनसायक्लोव्हिर तोंडाने सहा महिने देतात. मेंदूत आधी झालेलं नुकसान त्याने भरून येत नाही, हे मी प्रत्येक आईवडिलांना पहिल्याच भेटीत सांगतो, नाहीतर नंतर फार त्रास होतो. पण ऐकू येणं टिकवायला आणि थोडाफार विकासाला मदत होते. औषध सुरू असताना पांढऱ्या पेशी खाली जातात म्हणून सुरुवातीला दर आठवड्याला रक्त तपासावं लागतं.

चाफेकळी

डॉक्टर, अगदी बरोबर. ते औषध मी हातमोजे घालून द्यायचे, तसंच सांगितलं होतं, बारीक सिरिंजने गालाच्या आतल्या बाजूला थोडं थोडं सोडायचं आणि ती निम्मं बाहेर काढायची. एकदा पेशी इतक्या कमी झाल्या की मध्ये औषध थांबवायला लागलं, त्या वेळी घरात कुणाला खोकलासुद्धा येऊ दिला नाही आम्ही.

सोलापूरकर_२०१०

नमस्कार. मी पहिल्यांदाच लिहितोय इथं, काही चुकलं तर सांभाळून घ्या. मिसेसला दुसरा महिना आहे, मागच्या वर्षी एकदा मिस झालं होतं म्हणून डॉक्टरांनी टॉर्च करायला सांगितलं. रिपोर्टमध्ये सीएमव्ही आयजीजी पॉझिटिव्ह आहे, आकडा खूप मोठा आहे, लाल अक्षरात, आणि आयजीएम बॉर्डरलाइन लिहिलंय. रुबेला दोन्ही निगेटिव्ह. आमच्या ओळखीतले एकजण लॅबमध्ये आहेत, ते म्हणाले बाळ मतिमंद होणार, लगेच काय ते ठरवा, उशीर करू नका. मिसेस दोन दिवस जेवली नाही. आई म्हणते देवाला कौल लावू. काय करावं सुचत नाहीये, प्लीज कुणीतरी सांगा.

ओपीडीनंतर

दादा, सगळ्यात आधी मिसेसना जेवायला घाला आणि लॅबवाल्या ओळखीच्यांचा सल्ला पूर्ण बाजूला ठेवा. मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे आणि असा रिपोर्ट माझ्या टेबलावर फार वेळा येतो.

आयजीजी आणि आयजीएम ही इन्फेक्शनविरुद्ध रक्तात तयार होणारी प्रतिपिंडं, आयजीएम आधी येतं, आयजीजी नंतर येऊन टिकतं. आयजीजी पॉझिटिव्ह म्हणजे शरीराला या व्हायरसची ओळख कधीतरी झालेली आहे, एवढंच. आपल्या देशात गरोदर बायकांपैकी ९० टक्क्यांहून जास्त जणींना सीएमव्ही लहानपणीच होऊन गेलेला असतो. माझं केलं तर माझंही पॉझिटिव्ह येईल. आकडा मोठा आहे म्हणजे आजार मोठा आहे असं अजिबात नाही. लाल अक्षरं लॅबचं सॉफ्टवेअर आपोआप टाकतं.

बॉर्डरलाइन आयजीएम हा खरा घोळ. आयजीएम जुन्या इन्फेक्शननंतर कित्येक महिने रेंगाळू शकतं, दुसऱ्या व्हायरसमुळेही खोटं येऊ शकतं. नुसत्या आयजीएमवर कुणीही कसलाही निर्णय घेऊ नये. यापुढची पायरी म्हणजे त्याच रक्तावर, प्रतिपिंडं व्हायरसला किती घट्ट चिकटतात ते मोजणारी, आयजीजी अ‍ॅव्हिडिटी करायची. अ‍ॅव्हिडिटी जास्त आली तर इन्फेक्शन तीन महिन्यांहून जुनं, म्हणजे दिवस राहायच्या आधीचं. कमी आली तर अलीकडचं असू शकतं, मग फीटल मेडिसिनवाल्यांकडे (गर्भातल्या बाळाच्या तज्ज्ञांकडे) जायचं. तिथे पुढच्या सोनोग्राफ्या होतात, पाचव्या महिन्याच्या आसपास गरज असेल तर पोटातलं पाणी काढून पीसीआर होतो, आणि सुरुवातीच्या महिन्यांत नव्याने झालेलं इन्फेक्शन सिद्ध झालं तर हल्ली व्हॅलासायक्लोव्हिर मोठ्या डोसमध्ये देतात. इस्रायलमधल्या अभ्यासात, २०२० साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला होता, ते औषध घेतलेल्या बायकांमध्ये व्हायरस बाळापर्यंत पोचायचं प्रमाण ३० टक्क्यांवरून ११ टक्क्यांवर आलं. पण ही सगळी पुढची गोष्ट. आज फक्त अ‍ॅव्हिडिटी.

मागच्या वर्षीच्या गर्भपाताचा याच्याशी संबंध जोडू नका. वारंवार मिस होतं म्हणून टॉर्च करायची पद्धत पडली आहे, तिला शास्त्रीय आधार नाही.

सरळसोट

डॉक्टर मॅडम, मग उलट मला वाटतं सरकारने लग्नाआधीच प्रत्येक मुलीची टॉर्च सक्तीची करावी, म्हणजे नंतर हा गोंधळच नको. शेवटी बाळाच्या आयुष्याचा प्रश्न आहे.

ओपीडीनंतर

तुमची कळकळ समजते, पण सक्तीने काय हाती लागेल बघा. १०० जणींची तपासली तर नव्वदहून जास्त जणी सीएमव्ही आयजीजी पॉझिटिव्ह येणार आणि सोलापूरच्या दादांसारखी तितकी घरं हवालदिल होणार. शिवाय आधीचा व्हायरस पुन्हा जागा झाला किंवा त्याच व्हायरसचा दुसरा प्रकार लागला तरी बाळापर्यंत पोचू शकतो, प्रमाण खूप कमी, साधारण शंभरात एक, पण आपल्याकडे जवळजवळ सगळ्याच जणी आधीच्या पॉझिटिव्ह असल्याने इथली बहुतेक बाधित बाळं याच गटातल्या आयांची असतात. म्हणजे रिपोर्ट चांगला असूनही खात्री नाहीच. आणि लग्नाआधी मुलीच्या रिपोर्टवर लाल अक्षरात पॉझिटिव्ह लिहून आलं की आपल्या समाजात तिचं काय होतं हे तुम्हाला मी सांगायला नको. दिवस राहायच्या आधी करायचंच असेल तर रुबेलाची आयजीजी करा, कारण तिथे निगेटिव्ह आलं तर हातात लस आहे. व्हीडीआरएल (सिफिलिसची टेस्ट) आणि एचआयव्ही तर गरोदरपणात करतातच, सिफिलिसमुळेही बाळाच्या मेंदूला इजा होते आणि ती साध्या पेनिसिलिनने टाळता येते.

शांताकाकू

रुबेलाचा विषय निघाला म्हणून लिहिते. मी मूकबधिर शाळेत शिक्षिका होते, आता रिटायर. आमच्याकडे अशी मुलं यायची की ऐकू येत नाही, डोळ्यांत जन्मतः मोतीबिंदू, आणि छातीवर ऑपरेशनचा व्रण. तिन्ही एकत्र. आईला विचारलं की ती आठवून आठवून सांगायची, तिसऱ्या महिन्यात अंगावर बारीक पुरळ आलं होतं, तीन दिवसांत गेलं, आम्ही गोवर समजलो. काहींचं डोकंही लहान असायचं, शिकायला वेळ लागायचा.

१९४१ मध्ये सिडनीत नॉर्मन ग्रेग नावाच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी हे पहिल्यांदा जगापुढे मांडलं. मोतीबिंदू घेऊन जन्मलेली ७८ बाळं त्यांनी नोंदली आणि जवळजवळ सगळ्यांच्या आयांना गरोदरपणाच्या सुरुवातीला रुबेला होऊन गेला होता. असं सांगतात की दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या आयाच आपसांत बोलत होत्या, तुला पण झाला होता का, मला पण झाला होता, आणि ते त्यांच्या कानावर पडलं. तोपर्यंत सगळे मोतीबिंदू आनुवंशिक म्हणून सोडून देत. एका डॉक्टरने आयांचं बोलणं मनावर घेतलं म्हणून पुढे लस आली. मी शाळेत नव्या शिक्षिकांना हे नेहमी सांगायचे, आई जे सांगते ते आधी लिहून घ्या, ते किरकोळ वाटलं तरी.

आपल्याकडे गोवर-रुबेलाची मोहीम महाराष्ट्रात २०१८ च्या नोव्हेंबरात सुरू झाली, ९ महिने ते १५ वर्षांच्या मुलांना शाळाशाळांतून. तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर किती काय काय फिरत होतं, या लसीने मुली वांझ होतात म्हणून. मी आमच्या गल्लीत दारोदार जाऊन सांगितलं की बायांनो, मी ती मुलं शिकवलीत, माझ्याकडे बघा आणि लस द्या.

मनीमाऊ

शांताकाकू, तुम्हाला मनापासून नमस्कार.

माझा प्रश्न वेगळाय. चौथा महिना चालू आहे, घरात दोन मांजरं आहेत, सहा वर्षांपासूनची. सासूबाई आणि नणंद दोघी म्हणतायत सोडून या कुठेतरी, बाळाच्या डोक्यात पाणी होतं. मला रडू येतंय. खरंच सोडावी लागतील का?

डॉक्टरकाका_सातारा

नाही, सोडायची अजिबात गरज नाही. डोक्यात पाणी होतं हे टॉक्सोप्लाझ्माबद्दल म्हणतायत त्या. तो परजीवी मांजराच्या विष्ठेतून येतो हे खरं, आणि बाळाला झाला तर मेंदूत पाणी साठणं, विखुरलेले कॅल्शियमचे ठिपके, डोळ्याच्या पडद्याला इजा हे होऊ शकतं. पण मांजर ही अंडी सहसा आयुष्यात एकदाच, पहिल्यांदा संसर्ग झाल्यावर काही आठवडेच टाकतं. आणि ताजी विष्ठा लागण करत नाही, अंडी तयार व्हायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणून मातीचा ट्रे रोज साफ करायचा आणि तो घरातल्या दुसऱ्या कुणीतरी करायचा, नवऱ्याला सांगा. मांजरांना कच्चं मांस देऊ नका. मांजराला कुरवाळल्याने काही होत नाही.

त्यापेक्षा कच्चट शिजलेलं मटण, न धुतलेली पालेभाजी-कोथिंबीर आणि हातमोज्यांशिवाय बागेतली माती, ही जास्त नेहमीची वाट. कोथिंबीर दोन-तीन पाण्यांत धुवा, मटण पूर्ण शिजवा.

अंगणवाडी_ताई

मला थोडी भीती वाटायला लागली हे वाचून. मी सेविका आहे, दिवसभर पोरं अंगावर, कुणाचं नाक पूस, कुणाची चड्डी बदल. मलाही दुसऱ्यांदा दिवस गेलेत. हे सीएमव्ही मुलांकडून येतं म्हणे?

डॉक्टरकाका_सातारा

ताई, हो, लहान मुलांच्या लाळेतून आणि लघवीतून हा व्हायरस महिनोन् महिने बाहेर पडत असतो आणि मूल दिसायला निरोगी असतं. पण घाबरून नोकरी सोडायची गरज नाही. नाक पुसल्यावर, चड्डी बदलल्यावर, भरवल्यावर साबणाने हात नीट धुवा. पोराच्या ओठावर पापी घेऊ नका, कपाळावर घ्या. आणि सगळ्यात महत्त्वाचं, उष्टं खाऊ नका. आपल्या घरात आई म्हणजे हक्काची उष्टं संपवणारी, वरणभाताचा शेवटचा घास, अर्धं चोखलेलं बिस्कीट, पोराने चावून सोडलेली केळ्याची फोड, टाकवत नाही म्हणून तिच्याच तोंडात. अंगणवाडीत तेच. पाणी एकाच पेल्यातून, चमचा एकच. पोटात बाळ असताना, खास करून पहिले चार महिने, हे तेवढं बंद करा. वाया गेलेला घास गेला.

थंडीतला_मराठी

आम्ही अमेरिकेत मिनेसोटात असतो. इथे फेब्रुवारी २०२३ पासून प्रत्येक नवजात बाळाची सीएमव्हीसाठी तपासणी होते, टाचेतून जे रक्ताचे थेंब कागदावर घेतात त्यावरच. सगळ्या बाळांसाठी हे करणारं हे अमेरिकेतलं पहिलं राज्य. आमच्या मुलाचं त्यातच कळलं, दिसायला एकदम गुटगुटीत, काहीही लक्षण नाही. आता दर काही महिन्यांनी कान तपासतो आम्ही, आणि गेल्या वेळी डाव्या कानाने थोडं कमी ऐकू येतंय असं निघालं. कळलंच नसतं तर आम्ही दोन वर्षं "मुलगे उशिरा बोलतात" म्हणत बसलो असतो. चाफेकळी, लेकीला शाळेत घालणार आहात का यंदा?

सिंहगडरोडकर

पुण्याचा झिका, तो डासांतून पसरणारा व्हायरस, कुणी काढलाच नाही अजून. २०२४ च्या जूनमध्ये एरंडवण्यात पहिला पेशंट सापडला, मग मुंढवा, कर्वेनगर वगैरे, आणि बघता बघता गर्भवतींचे रिपोर्ट पॉझिटिव्ह यायला लागले. माझी बहीण तेव्हा पाचव्या महिन्यात होती आणि तिच्या सोसायटीपासून जवळच पेशंट निघाला. महापालिकेचे लोक घरी येऊन नमुना घेऊन गेले, तो एनआयव्हीला (पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था) गेला. रिपोर्ट येईपर्यंतचे ते दिवस आमच्या घरात कुणी टीव्ही लावला नाही. निगेटिव्ह आला, भाचा आता वर्षाच्या पुढे आहे, मस्त चालतो.

त्या वेळी मी बरंच वाचलं. ब्राझीलमध्ये २०१५ साली ईशान्येकडच्या रेसिफे शहरात बालमेंदूतज्ज्ञ व्हनेसा व्हॅन डेर लिंडेन यांच्या लक्षात आलं की एकदम खूप लहान डोक्याची बाळं यायला लागलीत, आणि नेहमीच्या टॉर्चच्या टेस्ट निगेटिव्ह. आयांना विचारलं तर बऱ्याच जणी म्हणाल्या सुरुवातीला पुरळ आणि ताप आला होता. मग शेजारच्याच पाराईबा राज्यातल्या आद्रियाना मेलो यांनी दोन गर्भवतींच्या गर्भजलात झिका शोधून काढला. १ फेब्रुवारी २०१६ ला डब्ल्यूएचओने जागतिक आणीबाणी जाहीर केली. म्हणजे तिथेही पुन्हा डॉक्टरांनी आयांना विचारलं म्हणूनच, शांताकाकू म्हणतात तसंच.

महाराष्ट्रातला पहिला पेशंट तर जुलै २०२१ मध्ये, पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला. डॉक्टर, झिकाचं आणि सीएमव्हीचं बाळ दिसायला वेगळं असतं का?

डॉक्टरकाका_सातारा

बऱ्यापैकी. झिकामध्ये नुकसान जास्त झालेलं असेल तर कवटी खचल्यासारखी, डोक्याची कातडी सैल, सांधे आखडलेले, आणि कॅल्शियम पोकळ्यांच्या काठाऐवजी मेंदूच्या बाहेरच्या थराच्या खाली. पण आईला झिका झाला म्हणजे बाळाला होणारच असं नाही, झिका झालेल्या गर्भवतींच्या बाळांपैकी साधारण ५ ते १० टक्क्यांत दोष दिसतात, पहिल्या तिमाहीत धोका सर्वांत जास्त. लस नाही, औषध नाही, म्हणून डास. हा एडिस डास दिवसा चावतो, स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो, फ्रिजच्या मागचा ट्रे, कुंडीखालची ताटली, गच्चीवरचा टायर. दिवसा पूर्ण बाह्यांचे कपडे आणि डास पळवणारं क्रीम गर्भवतींनी वापरलेलं चालतं. आणि नवऱ्याला झिका झाला असेल तर तीन महिने काँडम, कारण तो संबंधातूनही पसरतो. बेलसरमध्ये आरोग्य खात्याने गावात काँडम वाटले होते ते त्यासाठीच, लोकांना तेव्हा ते विचित्र वाटलं होतं.

चाफेकळी

थंडीतला_मराठी, हो, जूनपासून बालवाडीत घालतेय. डाव्या कानाला कॉक्लियर इम्प्लांट (ऑपरेशनने आत बसवलेलं ऐकण्याचं यंत्र) आहे, उजव्याला मशीन. उजव्या हाताला ताठरपणा आहे म्हणून रोज फिजिओ, भाकरीच्या पिठाचा गोळा हातात देते, तो मळताना बोटं सुटतात तिची, थेरपिस्टच्या चेंडूपेक्षा तिला तेच आवडतं. गेल्या महिन्यापासून दोन शब्द जोडून बोलतेय. "आई ये", "भू नको".

आपल्याकडे मदत कुठे मिळते तेही लिहून ठेवते, कारण मला हे सगळं विचारत विचारत शोधावं लागलं. जिल्हा रुग्णालयात डीईआयसी म्हणून केंद्र असतं, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातलं, तिथे फिजिओ, स्पीच, कान, डोळे एका छताखाली बघतात, फुकट. कॉक्लियरसाठी केंद्राची एडिप योजना आहे, मुलाचं वय पाच वर्षांच्या आत असावं लागतं, वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेकडून त्याचं काम चालतं. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) लवकर काढून घ्या, पुढचं सगळं त्यावर अडतं. सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व, बहुविकलांगता असेल तर नॅशनल ट्रस्टची निरामय विमा योजना आहे, वर्षाला एक लाखापर्यंत, त्यात थेरपीचाही खर्च धरतात.

पारिजातक

वाचनखूण साठवली. माझ्या वहिनीला पाठवते लगेच.

आणि एक मनात येतंय ते विचारतेच. उशिरा कळलं, सातव्या महिन्यात वगैरे, आणि मेंदूचं नुकसान खूप दिसत असेल, तर काही निर्णय घेता येतो का कायद्याने?

ओपीडीनंतर

येतो. गर्भपाताच्या कायद्यात २०२१ ला झालेल्या दुरुस्तीनंतर गर्भात गंभीर दोष असेल तर २४ आठवड्यांनंतरही मेडिकल बोर्डाच्या परवानगीने गर्भपात करता येतो. बोर्ड सगळे रिपोर्ट, एमआरआय बघून ठरवतं. पण मी माझ्या पेशंटना दोन्ही बाजू शांतपणे समजावते, कारण सोनोग्राफी आणि एमआरआय पूर्ण नॉर्मल असताना नुसतं इन्फेक्शन पोचलंय म्हणून घाबरून निर्णय घेणाऱ्यांची संख्या जास्त आहे, आणि अशा बाळांचं बहुतेकदा चांगलंच होतं. निर्णय नवराबायकोचा, त्यात नातेवाइकांची सभा नको.

सोलापूरकर_२०१०

सगळ्यांना नमस्कार. अ‍ॅव्हिडिटीचा रिपोर्ट आज आला. हाय अ‍ॅव्हिडिटी लिहिलंय. डॉक्टरांनी सांगितलं जुनं आहे, काही करायचं नाही, नेहमीसारखं चेकअपला या. मिसेसने कितीतरी दिवसांनी पोटभर जेवण केलं, आईने देवापुढे साखर ठेवली. ओपीडीनंतर मॅडम आणि सगळ्यांचे खूप उपकार. फक्त रुबेला आयजीजी निगेटिव्ह आहे तिची, त्याचं आता काय करू? लस आत्ता घेतलेली चालेल का?

ओपीडीनंतर

फार बरं वाटलं दादा. आत्ता नाही, ती जिवंत व्हायरसची लस आहे, गरोदरपणात देत नाहीत. तोपर्यंत घरात-शेजारी कुणाला ताप आणि पुरळ आलं तर मिसेसना लांब ठेवा, आणि तसा संपर्क आलाच तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना सांगा. बाळंतपण झालं की दवाखान्यातून घरी यायच्या आधीच एमएमआर (गोवर-गालगुंड-रुबेलाची लस) घेऊन टाका, दूध पाजत असल्या तरी चालते. त्यानंतर महिनाभर दिवस राहू द्यायचे नाहीत.

चाफेकळी

दादा, आणि बाळ झालं की दवाखान्यातच कानाची ओएई टेस्ट मागून घ्या, सांगितल्याशिवाय सगळीकडे करत नाहीत. नापास झालं तर लघवी लगेच, २१ दिवसांच्या आत.

सोलापूरकर_२०१०

लिहून घेतलं ताई. फाइलच्या पहिल्याच पानावर लिहितो.